सासूबाईंचा प्रश्न

आदरणीय काका,

सासऱ्यांच्या पश्चात सिन्नर रस्त्याचा एनए प्लॉट यंदा विकला. ह्यांच्या वाट्याला 1 कोटी 60 लाख आले. हे सातपूरला कंपनीत आहेत, 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, निवृत्तीला सहा वर्षं आहेत. मागच्या महिन्यात इथल्या एका हॉटेलात दुबईच्या घरांचं प्रदर्शन होतं, तिथे सहज म्हणून गेलो. जुमेराह व्हिलेज सर्कलमध्ये (जेव्हीसी) 420 चौरस फुटांचा स्टुडिओ, किंमत साडेसहा लाख दिरहम, ताबा तीन वर्षांनी. 60 टक्के बांधकाम चालू असताना भरायचे, 40 टक्के ताब्यानंतर दोन वर्षांत. भाडं 8 टक्के, म्हणजे महिन्याला लाख रुपये, आणि तिकडे टॅक्स नाही. धाकटे दीर शारजात नोकरीला आहेत. ते म्हणतात, घ्या, मी आहे. प्रदर्शनातला मुलगा म्हणतो, पैसे दिरांनाच तिकडून भरू द्या, तुम्ही त्यांना इथे रुपये द्या, म्हणजे बँकेची कटकट नाही आणि 20 टक्के टीसीएसही (बँक आगाऊ कापते तो) नाही. येत्या रविवारपर्यंत क्रेडिट कार्डावर टोकन भरायचं आहे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘परक्या मुलखातल्या घराचं दार कोण उघडणार?’ ह्यांना त्याचं हसू आलं, मला नाही आलं. काय करावं?

— एक वाचक, नाशिक

ताई,

टोकन भरू नका. रविवार जवळ आलाय म्हणून हे आधी लिहिलं, बाकीचं सावकाश बोलू.

क्रेडिट कार्डापासून सुरू करतो, कारण पाय पहिल्यांदा तिथेच अडकतो. परदेशात घर घेणं हा फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, हिशेबात भांडवली व्यवहार आहे. आंतरराष्ट्रीय कार्ड हॉटेल, तिकीट, फी, खरेदी अशा चालू खर्चासाठी असतं. त्या कार्डावर घराचं टोकन भरणं म्हणजे पहिलं पाऊलच चुकीच्या पायरीवर टाकणं. प्रदर्शनात मशीन समोर ठेवतात, आपण कार्ड सरकवतो, व्यवहार होऊनही जातो. झाला म्हणजे चालतो, असं मात्र नाही.

आता दिरांचा रस्ता. मी बँकेत 31 वर्षं होतो, त्यातली शेवटची 11 फॉरेक्सच्या टेबलावर गेली. ही युक्ती मी इतक्यांच्या तोंडून ऐकली आहे की ती सांगताना माणसाचा आवाज कसा अर्ध्यावर येतो तेही पाठ झालंय. तिकडे त्याने दिरहम भरायचे, इथे आपण त्याच्या किंवा त्याच्या बायकोच्या खात्यात रुपये टाकायचे. घरातल्या घरात झालं तरी हा हवालाच, ताई. परदेशात राहणाऱ्याने आपल्या वतीने तिकडे पैसे द्यायचे आणि आपण त्याची भरपाई इथे करायची, हे फेमात चालत नाही, आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. त्यात तुमचे दीर नोकरदार माणूस, साडेसहा लाख दिरहम त्यांनी आणले कुठून, हा प्रश्न त्यांनाही कधीतरी विचारला जाईल. तो मुलगा टीसीएस वाचवण्याच्या नादात दोन भावांना एका नोटिशीत बांधतोय.

सरळ रस्ता आहे, आणि तो तेवढा अवघडही नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात आणि त्यातून घरही घेता येतं. बँकेत पॅन द्यायचा, ए-2 फॉर्म भरायचा, कारणाच्या रकान्यात परदेशी स्थावर मालमत्तेचा कोड घालायचा. तो एस 0005. या रकान्यात कुणाच्या सांगण्यावरून ‘नातेवाइकांचा चरितार्थ’ वगैरे लिहू नका. तुमचा स्टुडिओ 1 लाख 77 हजार डॉलरच्या आसपास पडतो, म्हणजे मर्यादेत आहे. वर्षाला 10 लाखांपुढच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस कापून घेते. तो कर नव्हे, आगाऊ कापलेली रक्कम आहे. रिटर्नमध्ये ती वळती होते किंवा परत मिळते, पण तोवर अडकते. तुमच्या बाबतीत एक गोष्ट बरी आहे: पैसे ह्यांच्याच पॅनवरून आणि प्लॉट विकला त्याच आर्थिक वर्षात गेले, तर टीसीएस प्लॉटच्या करातच वळता होईल. ज्या 20 टक्क्यांना तो मुलगा घाबरवतोय ते तुमचे बुडतच नाहीत.

खरा खड्डा दुसरीकडे आहे. 1 कोटी 60 लाख हा आकडा तुम्ही पत्रात सगळाच्या सगळा आपला धरलाय. प्लॉटवर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा झालाय आणि त्याचा कर अजून भरायचा आहे. 2001 सालची किंमत (जुन्या मालमत्तेला तीच मूळ किंमत धरता येते), समजा, ह्यांच्या वाट्यापुरती 6 लाख धरली, तर 12.5 टक्के दराने, सरचार्ज आणि सेस धरून, हा कर 23 लाखांच्या घरात जातो. हे पैसे नाशिकमध्ये किंवा भारतात कुठेही राहत्या घरात घातले असते तर ज्या कलमाला आपण 54 एफ म्हणत आलो त्याखाली हा कर वाचला असता किंवा कमी झाला असता. (1 एप्रिल 2026 पासून नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलतात, सवलत तीच आहे.) मात्र ते घर भारतातच हवं, दुबईतलं चालत नाही. प्रदर्शनातल्या एकाने तरी हे सांगितलं का? सांगितलं असतं तर तुम्ही पत्रात लिहिलं असतंत.

म्हणजे हातात राहतात 1 कोटी 37 लाख. आणि स्टुडिओ? दिरहमचा भाव मी लिहितोय तेव्हा 24 रुपयांच्या आसपास आहे. साडेसहा लाख दिरहमवर दुबई लँड डिपार्टमेंटची 4 टक्के फी, म्हणजे 26 हजार. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन, पडदे यांना 24 हजार धरा. झाले 7 लाख दिरहम, म्हणजे 1 कोटी 68 लाख. तुमचे 31 लाख कमी पडतात. ते इथल्या बँकेच्या कर्जाने भरून काढू म्हणाल तर एलआरएसखाली असल्या भांडवली व्यवहारासाठी बँक कर्ज देऊच शकत नाही. आणि ताब्यानंतर दोन वर्षं हप्ते, ही त्या योजनेतली सगळ्यात गोड ओळ, तीच फेमाच्या जाणकारांना खटकते. घर तुमच्या ताब्यात आणि पैसे बाकी, म्हणजे परदेशी बिल्डरची उधारीच झाली. तुमच्या बँकेच्या फॉरेक्स शाखेला ही हप्त्यांची योजना आधी दाखवा आणि ‘पाठवू’ असं लेखी घ्या. तोंडी नको, शाखेतली माणसं बदलतात.

आता महिन्याच्या लाख रुपयांकडे येऊ. साडेसहा लाखांचे 8 टक्के म्हणजे वर्षाला 52 हजार दिरहम, आणि त्याचे रुपये केले की महिन्याला लाखाच्या थोडं वर. गुणाकार बरोबर आहे. फक्त हे भाडं कागदावरचं आहे, हातात यायच्या आधी ते बऱ्याच हातांतून जातं. वर्षात एक महिना घर रिकामं धरा (भाडेकरू बदलला की तेवढं जातंच), राहिले 47 हजार 600. सर्व्हिस चार्ज तिकडे चौरस फुटावर लागतो, वर्षाला फुटाला 15 दिरहम धरले तर 6,300 गेले. इमारतीत जिम आणि पोहण्याचा तलाव दाखवला होता ना ब्रोशरात? तो तलाव या 6,300 मध्ये आहे. भाडेकरू बघणाऱ्या कंपनीला 7 टक्के, म्हणजे 3,300. एसीची, नळाची, रंगाची कामं 2 हजार. उरले 36 हजार. आणि आता तो ‘टॅक्स नाही’. तिकडे नाही, पण ह्यांचं वास्तव्य भारतात आहे, त्यामुळे जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, उरलेल्यावर स्लॅबप्रमाणे कर, म्हणजे 10 हजार 400 दिरहम. हातात येतात 25 हजार 600. घातलेल्या 7 लाखांवर हे साडेतीन-पावणेचार टक्के झाले. महिन्याला 51 हजार रुपये. निवृत्तीनंतर ह्यांचा स्लॅब उतरेल तेव्हा थोडं जास्त, पण पहिली तीन वर्षं तर शून्यच, कारण घरच उभं नाही.

‘भाड्याची हमी’ असा शब्द त्या मुलाने वापरला असेल तर विचारा, हमी किती वर्षांची आणि देणार कोण. बहुतेक वेळा ती पहिल्या दोन-तीन वर्षांची असते आणि तिचे पैसे आपल्याच किमतीत आधी चढवलेले असतात. नंतर चढ्या भावाचं घर आणि बाजारभावाचं भाडं, दोन्ही आपल्यापाशी राहतात.

सासूबाईंच्या प्रश्नाला मी हसलो नाही, त्यामागे एक कारण आहे. माझा आतेभाऊ वीस वर्षं दुबईत होता. 2007 मध्ये त्याने इंटरनॅशनल सिटीत, फ्रान्स क्लस्टरमध्ये, एका बेडरूमचं घर घेतलं. (तिथे गल्ल्यांना देशांची नावं आहेत, फ्रान्सच्या पलीकडे स्पेन आणि पर्शिया.) 2016 ला तो ठाण्याला परतला आणि घर भाड्याने ठेवलं. 2019 च्या सप्टेंबरात मी त्याच्याबरोबर गेलो होतो. भाडेकरू जूनमध्येच निघून गेला होता, दलाल म्हणत होता बघतो बघतो. विजेचं बिल नको म्हणून एसी बंद करून ठेवलेला. कुलूप उघडलं आणि आम्ही दोघंही पाऊल मागे आलो. तिकडे ऑगस्टात हवेत दमट वाफ असते आणि बंद घरात ती मुक्कामाला येते. कपाटाच्या दारांवर शिळ्या भाकरीवर यावी तशी हिरवट-पांढरी बुरशी, गादीला वास, आणि मोरीच्या जाळीतलं पाणी आटून गेल्यामुळे खालची झुरळं थेट वर आलेली. भाऊ दारातच उभा राहून म्हणाला, ‘अरे, महिन्यातून एकदा कुणी नळ जरी सोडला असता.’ रंग, कपाटाची दारं आणि गादी यांत साडेचार हजार दिरहम गेले, शिवाय तीन महिन्यांचं भाडं.

म्हणून दिरांचं ‘मी आहे’ हे वाक्य मी हलकं धरत नाही. या सगळ्या व्यवहारात तुमची सगळ्यात मोठी जमा तीच आहे. पण ते मोजून घ्या. शारजाहून जेव्हीसी म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत तास-दीड तास. तिकडे भाडं महिन्याच्या महिन्याला येत नाही, भाडेकरू वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक देतो, कधी एक, कधी चार, कधी जास्त. चेक किती, यावरही घासाघीस चालते. ते चेक घ्यायला, बँकेत टाकायला, इजारीवर (तिकडची सरकारी भाडेकरार-नोंदणी) करार नोंदवायला, भाडेकरू गेला की भिंती बघायला माणूस लागतो. दिरांना मुखत्यारपत्र द्यायचं तर भाड्यातले काही टक्के त्यांनाही द्या, आणि ते भावाभावांत लिहून ठेवा. फुकटच्या मदतीवर वर्षाला 52 हजार दिरहमचा धंदा चालवला की पाचव्या वर्षी दिवाळीचा फोनसुद्धा जड होतो. आणि त्यांनी उद्या नोकरी बदलली, कॅनडाला गेले, तर? आखातात कुणी कायमचं राहत नाही, हे गृहीत धरूनच तिथे हिशेब करावा लागतो.

भाडं वाढवणंही आपल्या मनावर नाही. 2013 च्या एका फर्मानाने भाडेवाढ बांधून टाकली आहे. चालू भाडं बाजारापेक्षा 10 टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य, त्याहून जास्त फरक असेल तर टप्प्याटप्प्याने 5 ते 20 टक्के, आणि नोटीस 90 दिवस आधी. घर विकायला किंवा स्वतः राहायला भाडेकरूला उठवायचं तर 12 महिन्यांची रीतसर नोटीस लागते. भाडेकरूच्या बाजूने पाहिलं तर कायदा शहाणा आहे. मालकाने मात्र हे माहीत ठेवूनच मालक व्हावं.

मग लोक घेतात कशासाठी? दोन गोष्टींसाठी, आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक म्हणजे रुपया. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 ला बांधलेला आहे, त्यामुळे दुबईचं घर म्हणजे निम्मं डॉलरवरच पैज आहे. 2015 मध्ये दिरहम साडेसतरा रुपयांच्या आसपास होता, आज 24. नुसतं घर धरून बसलेल्यालाही रुपयात वर्षाला तीनेक टक्के असेच मिळाले. दुसरं, किंमत. 2020 नंतर दुबईत भाव जोरात चढले आणि ज्यांनी तेव्हा घेतलं ते आज खुशीत आहेत. प्रदर्शनात तुम्हाला त्यांचेच फोटो दाखवले असणार. पण 2008 चा कडेलोटही याच गावचा आहे. वर्षभरात अनेक भागांत भाव निम्म्यावर आले, कित्येक इमारती खांबांवरच थांबल्या. माझ्या आतेभावाचं घर तेव्हा निम्म्या किमतीचं झालं होतं, स्वतः राहत होता म्हणून निभावला. 2014 नंतर पुन्हा सहा वर्षं उतरण. जेव्हीसीत स्टुडिओ भरपूर आहेत आणि आणखी भरपूर बांधले जातायत. तीन वर्षांनी तुमच्या हातात किल्ली येईल त्याच सुमारास तुमच्यासारख्याच शेकडो मालकांच्या हातात येईल, आणि सगळे त्याच भाडेकरूला फोन करतील.

नुसता डॉलर हवा असेल तर त्यासाठी मोरीत पाणी सोडायला माणूस ठेवायची गरज नाही. परदेशी बाजारांत पैसे लावणारे म्युच्युअल फंड इथल्या इथे मिळतात, गुजरातेतल्या गिफ्ट सिटी या वित्त केंद्रातूनही रस्ते आहेत. दहा-पंधरा लाख तिकडे टप्प्याटप्प्याने ठेवलेत तर रुपया घसरल्याचा फायदा तुम्हालाही मिळेल आणि गरज पडली तर त्यातले दोन लाख काढताही येतील. स्टुडिओची मोरी तेवढी विकता येत नाही.

तरीही ह्यांचं मन दुबईवरच असेल तर माझं म्हणणं असं. बांधकाम चालू असलेलं घर ‘भाड्याचं घर’ म्हणून घेऊ नका, ते भाड्याचं घर होईल असं एक आश्वासन असतं. 2007 च्या कायद्याने तिकडे बिल्डरला एस्क्रो खात्यातच, म्हणजे त्या प्रकल्पासाठी राखलेल्या बँक खात्यातच, पैसे घ्यावे लागतात. पैसे त्या खात्याबाहेर, कुठल्याही ‘असोसिएट’च्या नावावर मागितले की उठून यायचं. दुबई रेस्ट ॲपवर प्रकल्पाचं नाव घालून बांधकाम कुठवर आलंय ते दिरांना बघायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. पण त्याहून चांगलं म्हणजे उभं घर, भाडेकरूसकट. चालू करार बघायचा, मागच्या दोन वर्षांची सर्व्हिस चार्जची बिलं बघायची, थंडाव्याचं बिल वेगळं येतं का ते विचारायचं. (काही इमारतींत चिलरची कंपनी वेगळी असते आणि तिचा बांधील आकार घर रिकामं असलं तरी चालूच राहतो.) आणि बघायला जायचं ते जुलै-ऑगस्टात. डिसेंबरात दुबई सगळ्यांनाच आवडते.

घेतलंतच तर पुढची कागदपत्रं टाळू नका. दर वर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं. ते एप्रिल ते मार्च नाही, जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचं असतं, इथे चांगले चांगले सीए घसरतात. राहून गेलं तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड लागू शकतो. छोट्या परदेशी मालमत्तेला अलीकडे जी सूट दिली तीतून घरं-जमिनी वगळल्या आहेत. भाडं तिकडच्या खात्यात साचवत बसायचं नाही, गुंतवलं नाही तर 180 दिवसांत परत आणायचं. शिवाय तिकडच्या मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं करून दुबईत डीआयएफसीकडे (तिथलं आंतरराष्ट्रीय वित्त केंद्र) नोंदवायचं. इथलं मृत्युपत्र पुरेल या भरवशावर तुम्हाला उद्या एकटीने तिकडच्या कोर्टात उभं राहायला लागू नये.

माझा कौल विचारलात म्हणून सांगतो: या पैशातून हे घर नको. स्टुडिओ वाईट आहे असं नाही. पण ही रक्कम तुमच्या निवृत्तीची जवळजवळ सगळी पुंजी दिसते, आणि सगळी पुंजी परक्या देशातल्या 420 फुटांत, तीही न झालेल्या इमारतीत, हे मला पटत नाही. ज्याच्याकडे असे चार प्लॉट आहेत त्याने खुशाल घ्यावं.

रविवारी त्या मुलाचा फोन येईल. चिडू नका, त्याचा तो धंदा आहे. त्याच्याकडे त्याच बिल्डरच्या, दोन वर्षांपूर्वी ताबा दिलेल्या कुठल्याही एका इमारतीचं सर्व्हिस चार्जचं बिल आणि एक चालू इजारी मागा. बहुतेक पुन्हा फोन येणार नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: प्लॉटचं खरेदीखत कुठल्या तारखेला नोंदलं? ती तारीख कळवा. कर वाचवणारे सरकारी कंपन्यांचे बाँड घ्यायचे तर त्या दिवसापासून सहाच महिने मिळतात, 50 लाखांपर्यंत. भारतातलं घर घ्यायचं तर विकत दोन वर्षांत, बांधून तीन वर्षांत, आणि तोवरची रक्कम रिटर्नच्या मुदतीआधी बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात जायला हवी. यातले किती दिवस उरलेत ते मला तारखेवरूनच सांगता येईल.